तालुका निवडला की त्याच तालुक्यातली गावं दिसावीत: एकमेकांवर अवलंबून ड्रॉपडाऊन याद्या

भीमाखोरं
पुणे जिल्ह्यातल्या माल-वाटपाची नोंदवही शीटमध्ये ठेवायची आहे. ए स्तंभात तालुका, बी मध्ये गाव, सी मध्ये वाटप केंद्र. ऑफिसात एक्सेल २०१६ आहे आणि बाहेर फिरणारी माणसं गूगल शीट्स वापरतात. नोंदी दोन हजारांच्या आसपास.

सध्याची पद्धत अशी: प्रत्येक तालुक्याच्या गावांना त्या तालुक्याचं नाव दिलं आहे (नेम्ड रेंज) आणि बी२ च्या व्हॅलिडेशनमध्ये (सेलमध्ये काय भरता येईल ते ठरवणारा नियम) =इनडायरेक्ट($ए२) लिहिलं आहे, म्हणजे ए२ मधल्या नावाची रेंज उचलली जाते. बारामती, दौंड, भोर व्यवस्थित चालतात. अडचणी दोन.
"पुणे शहर" निवडलं की बाणावर क्लिक केल्यावर काहीच उघडत नाही.
"निमगाव" इंदापुरातही आहे, जुन्नरमध्येही आणि खेडमध्येही. तिथे सी मध्ये भलत्याच तालुक्याची केंद्रं येतात.

सूत्रं इथे देवनागरीत लिहिली तरी समजतील, शीटमध्ये टाकताना मी रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरेन.

सेलमास्तर
दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. गाव कोणत्या तालुक्याचं, हे तुमच्या शीटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही, ते नेम्ड रेंजच्या नावात दडलेलं आहे. त्या नावांना एक्सेलचे नियम लागू होतात: मध्ये जागा चालत नाही, सुरुवात आकड्याने होत नाही, ए१ सारखं सेलच्या पत्त्यासारखं दिसणारं नाव चालत नाही आणि एका वर्कबुकमध्ये एकच नाव दोनदा देता येत नाही.

"पुणे शहर" ला "क्रिएट फ्रॉम सिलेक्शन" ने (कंट्रोल+शिफ्ट+एफ३) नाव दिलं असेल तर एक्सेलने जागेच्या ठिकाणी अंडरस्कोर घातला असणार. सेलमध्ये जागा, नावात अंडरस्कोर, म्हणून इनडायरेक्टला नाव सापडत नाही. कंट्रोल+एफ३ दाबून नेम मॅनेजर उघडा, लगेच दिसेल. तात्पुरता इलाज:

=इनडायरेक्ट(सब्स्टिट्यूट($ए२," ","_"))

पण निमगावला हा इलाज नाही. "निमगाव" नावाची रेंज एकच राहणार आणि तिन्ही तालुक्यांना तीच यादी मिळणार. म्हणून पद्धतच बदला. तालुक्यागणिक वेगळे स्तंभ नकोत, "यादी" नावाच्या शीटवर दोनच स्तंभांची उभी यादी करा. ए मध्ये तालुका, बी मध्ये गाव, प्रत्येक गावाची एक ओळ आणि प्रत्येक ओळीत तालुक्याचं नाव पुन्हा लिहिलेलं. पहिल्या ओळीत शीर्षकं. डी२ पासून डी१५ पर्यंत जिल्ह्यातल्या १४ तालुक्यांची नावं, एकदाच.

"नोंद" शीटवर (म्हणजे तुमच्या नोंदवहीवर) ए२ पासून खालपर्यंत निवडा, डेटा टॅब, डेटा व्हॅलिडेशन, "अलाऊ" मध्ये "लिस्ट", "सोर्स" मध्ये:

='यादी'!$डी$२:$डी$१५

मग बी२ पासून खालपर्यंत निवडून सोर्समध्ये:

=ऑफसेट('यादी'!$बी$१,मॅच($ए२,'यादी'!$ए:$ए,०)-१,०,काउंटइफ('यादी'!$ए:$ए,$ए२),१)

मॅच त्या तालुक्याची पहिली ओळ शोधतो, काउंटइफ त्या तालुक्याच्या ओळी मोजतो आणि ऑफसेट तेवढाच तुकडा उचलतो. यातून एक अट येते: एका तालुक्याच्या सगळ्या ओळी सलग हव्यात. अकारविल्हे नसल्या तरी चालेल, पण मुळशीच्या ओळींमध्ये मावळची एक ओळ घुसली तर मुळशीच्या यादीत ते मावळचं गाव दिसेल आणि मुळशीचं शेवटचं गाव गळेल. कुठेही एररचा संदेश येत नाही, त्यामुळे ही चूक सर्वांत उशिरा कळते. यादीत भर घातली की ए स्तंभावर एकदा सॉर्ट करायची सवय ठेवा.

हिशेबवही
वरच्या सूत्रात $ए२ मधला डॉलर फक्त स्तंभाच्या आधी आहे, ओळीच्या आधी नाही, हे नीट बघा. $ए$२ लिहिलं तर दोन हजार ओळींना पहिल्याच ओळीच्या तालुक्याची गावं मिळतील.

शिवाय सूत्रातली ओळ आणि निवडलेल्या भागातल्या पांढऱ्या (सक्रिय) सेलची ओळ एकच हवी. खालून वर ड्रॅग करून निवडलं तर सक्रिय सेल तळाला असतो आणि सगळे संदर्भ सरकतात. "शेजारच्या ओळीची गावं दिसतात" ही तक्रार जवळपास नेहमी इथूनच येते.

ए२ रिकामा असताना ओके दाबलं तर एक्सेल सांगतो की सोर्सचं मूल्य सध्या एरर येतंय, पुढे जायचं का? "येस" म्हणा. ए२ मध्ये आधी एखादा तालुका निवडून ठेवला तर तो प्रश्न येतच नाही, आणि आला तर सूत्रातच चूक आहे हे कळतं. म्हणून मी ए२ भरूनच व्हॅलिडेशन लावायला सांगतो.

भीमाखोरं
गावांची यादी आता बरोबर येते. केंद्रांसाठी?

सेलमास्तर
तिसऱ्या पातळीला जोडकिल्ली (तालुका आणि गाव जोडून केलेली खूण) लागते, एकट्या गावावर शोधायचं नाही. "केंद्र" शीटवर तीन स्तंभ भरा: बी तालुका, सी गाव, डी केंद्र. ए मध्ये =बी२&"|"&सी२ लिहून खाली ओढा. सी२ च्या व्हॅलिडेशनमध्ये:

=ऑफसेट('केंद्र'!$डी$१,मॅच($ए२&"|"&$बी२,'केंद्र'!$ए:$ए,०)-१,०,काउंटइफ('केंद्र'!$ए:$ए,$ए२&"|"&$बी२),१)

मधली उभी रेघ गाळू नका. नुसती नावं चिकटवली तर दोन वेगळ्या जोड्यांची अक्षरं एकसारखी होण्याची शक्यता राहते. सलग ओळींची अट इथेही आहे, त्यामुळे आधी तालुक्यावर आणि मग गावावर सॉर्ट.

शक्य असेल तर यादीतच निमगाव केतकी, निमगाव सावा, निमगाव दावडी अशी पूर्ण नावं ठेवा. किल्ली शीट सांभाळेल, पण छापलेल्या कागदावर नुसतं "निमगाव" वाचून गाडी नेणाऱ्या माणसाकडे किल्ली नसते.

कसबा_४११०११
ऑफसेट व्होलटाइल आहे, दर बदलाला पुन्हा मोजला जातो. दोन हजार ओळींना लावल्यावर फाइल जड होणार नाही का?

सेलमास्तर
सेलमध्ये लिहिला तर होईल. व्हॅलिडेशनमधलं सूत्र यादी उघडताना किंवा नोंद करतानाच चालतं, त्यामुळे इथे ती काळजी नको.

हिशेबवही
"इग्नोर ब्लँक" ची खूण काढायला विसरू नका. ती असली आणि सूत्र ज्या सेलवर अवलंबून आहे तो सेल रिकामा असला, तर एक्सेल काहीही टाइप करू देतो. म्हणजे तालुका न भरता गावाच्या रकान्यात कोणी "xyz" च्या धर्तीवर "कखग" लिहिलं तरी ते स्वीकारलं जातं. नेम्ड रेंजच्या आत एखादा सेल रिकामा असला तरी हाच प्रकार होतो. खूण काढली की तालुका नसताना गाव भरताच येत नाही, आणि आपल्याला तेच हवं आहे.

त्याच चौकटीत "एरर अलर्ट" टॅबवर "स्टॉप" ठेवा. "वॉर्निंग" किंवा "इन्फर्मेशन" ठेवलं तर माणूस संदेश बंद करून पुढे जातो.

नवी_आवृत्ती
ज्यांच्याकडे एक्सेल ३६५ किंवा २०२१ आहे त्यांच्यासाठी: फिल्टर (अटीत बसणारी मूल्यं निवडणारं फंक्शन) थेट सोर्समध्ये चालत नाही, कारण तिथे सेलचा संदर्भ लागतो आणि फिल्टर मूल्यांची रांग देतो. फिल्टर एका सहायक शीटवर लिहा, उदाहरणार्थ 'सहाय'!ए२ मध्ये

=ट्रान्सपोज(फिल्टर('यादी'!$बी$२:$बी$३०००,'यादी'!$ए$२:$ए$३०००='नोंद'!$ए२,""))

ते खाली ओढा आणि सोर्समध्ये ='सहाय'!$ए२# द्या. शेवटचं हॅशचं चिन्ह म्हणजे "हा फिल्टर जिथवर पसरला आहे तिथवर". फायदा असा की ओळी सलग असण्याची अट उरत नाही. ट्रान्सपोज गाळलं तर उत्तर खाली पसरू पाहतं, खालच्या ओळीत दुसरं सूत्र असतं आणि स्पिल एरर येते.

यादी टेबल म्हणून ठेवली असेल तर टेबलचं नाव आणि कंसातला स्तंभ हा संदर्भ सोर्समध्ये थेट स्वीकारला जात नाही. त्या स्तंभाला नेम मॅनेजरमधून एक साधं नाव द्या आणि सोर्समध्ये ते नाव लिहा. टेबल वाढलं की नावाची व्याप्तीही वाढते. मात्र ऑफसेटच्या सूत्राने बनवलेलं नाव इनडायरेक्टला उलगडता येत नाही, ते दोन प्रकार एकत्र करू नका.

मुठेकाठी
गूगल शीट्सचं वेगळं आहे. "ड्रॉपडाऊन (रेंजमधून)" या प्रकारात ऑफसेट किंवा इनडायरेक्टचं सूत्र घालून यादी मिळत नाही, खरी रेंजच द्यावी लागते. म्हणून सहायक शीट तिथे लागतेच.

'सहाय'!ए२ मध्ये:

=इफएरर(ट्रान्सपोज(फिल्टर('यादी'!$बी$२:$बी,'यादी'!$ए$२:$ए=इंडेक्स('नोंद'!$ए:$ए,रो()))),"")

ते खाली ओढा. मग 'नोंद' मध्ये बी२ पासून खालपर्यंत निवडून व्हॅलिडेशनची रेंज द्या: 'सहाय'!ए२:जीआर२. इथे कुठेही डॉलर नको. माउसने रेंज निवडल्यावर डॉलर आलेले दिसले तर हाताने काढा, नाहीतर सगळ्या ओळी दुसऱ्या ओळीचीच यादी दाखवतील. जीआर म्हणजे दोनशेवा स्तंभ. ज्या तालुक्यात सर्वांत जास्त गावं आहेत त्याला पुरतील इतके स्तंभ घ्या, थोडे जास्तच. नव्या शीटला झेडपर्यंतचे २६ स्तंभच असतात, बाकीचे आधी वाढवून ठेवा. २६ वर थांबलात तर यादी सत्ताविसाव्या गावाआधी मुकाट तुटते.

सूत्रात 'नोंद'!$ए२ ऐवजी इंडेक्स आणि रो का, ते सांगतो. कोणी 'नोंद' मध्ये मध्येच ओळ घातली की साधे संदर्भ सरकतात आणि त्या नव्या ओळीसाठी 'सहाय' मध्ये सूत्रच उरत नाही. रो() ने काढलेला संदर्भ सरकत नाही: 'सहाय' ची पन्नासावी ओळ नेहमी 'नोंद' ची पन्नासावीच ओळ वाचते.

"अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स" मध्ये "रिजेक्ट इनपुट" निवडा. नुसत्या इशाऱ्यात सेलच्या कोपऱ्यात लाल त्रिकोण येतो आणि चुकीची नोंद तशीच राहते.

कसबा_४११०११
अ‍ॅप्स स्क्रिप्टने (गूगल शीट्समध्ये कोड लिहिण्याची सोय) ही सहायक शीट टाळता येते. ऑनएडिट (सेल बदलला की आपोआप चालणारं फंक्शन) मध्ये तालुका बदलल्यावर त्याची गावं गोळा करायची आणि शेजारच्या सेलवर रिक्वायर-व्हॅल्यू-इन-लिस्ट चा नियम बसवायचा.

मुठेकाठी
येते, पण त्या प्रकारच्या नियमात ५०० पर्यंतच नोंदी बसतात आणि प्रत्येक ओळीवर स्वतंत्र नियम तयार होतो. यादीत नवीन गाव घातलं की जुन्या ओळींना ते कळत नाही. माझं मत सहायक शीटच्या बाजूने आहे. स्क्रिप्टचा खरा उपयोग पुढच्या प्रश्नाला होतो: तालुका बदलला तरी जुनं गाव तसंच बसून राहतं, त्याचं काय?

हिशेबवही
हाच या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. व्हॅलिडेशन फक्त त्या सेलमध्ये नोंद करतानाच तपासतं. पुरंदर–सासवड भरून झाल्यावर कोणी पुरंदरचं शिरूर केलं, तर शिरूर–सासवड अशी ओळ तयार होते आणि शीट काही बोलत नाही. यादी कितीही नीट बांधली तरी हे भोक राहतं. ते बुजवण्याचे तीन मार्ग, मला पटणाऱ्या क्रमाने.

पहिला, चुकीची जोडी रंगवा. 'नोंद' ची ए२ ते सी३००० निवडून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये सूत्र:

=अँड($बी२<>"",काउंटइफ्स('यादी'!$ए:$ए,$ए२,'यादी'!$बी:$बी,$बी२)=०)

गूगल शीट्समध्ये कंडिशनल फॉरमॅटिंगला दुसऱ्या शीटचा थेट संदर्भ चालत नाही, तिथे इनडायरेक्ट("यादी!ए:ए") असं गुंडाळा. हा मार्ग पहिला ठेवण्याचं कारण असं की तो नोंद कशीही आलेली असो, पकडतो: टाइप करून, पेस्ट करून, जुन्या फाइलमधून. बाकीचे दोन मार्ग तसे नाहीत.

दुसरा, गाव भरलेलं असेपर्यंत तालुका बदलूच देऊ नका. ए२ चा सोर्स असा:

=इफ($बी२="",'यादी'!$डी$२:$डी$१५,इनडायरेक्ट("बंद"))

"बंद" नावाची रेंज मुद्दाम बनवायचीच नाही. गाव भरलेलं असताना तालुक्याचा बाण उघडत नाही, आधी गाव पुसावं लागतं. "इनपुट मेसेज" मध्ये तसं लिहून ठेवा, नाहीतर लोक फाइल बिघडली म्हणून फोन करतात. इग्नोर ब्लँकची खूण इथेही काढा. हे फक्त एक्सेलसाठी.

तिसरा, तालुका बदलताच गाव आणि केंद्र आपोआप पुसणं. एक्सेलमध्ये वर्कशीट-चेंज चा मॅक्रो लागतो, फाइल मॅक्रोच्या प्रकारात जतन करावी लागते आणि मॅक्रो चालला की अन्डूचा इतिहास जातो. चुकून तालुक्यावर डिलीट दाबलं तर गाव परत आणता येत नाही. म्हणून हा मार्ग मी शेवटी ठेवतो.

मुठेकाठी
गूगल शीट्ससाठी स्क्रिप्टचा आराखडा: ऑनएडिट मध्ये आधी शीटचं नाव "नोंद" आहे का ते तपासा, मग बदललेला स्तंभ १ आणि ओळ २ किंवा पुढची आहे का ते. असेल तर त्या ओळींतले स्तंभ २ आणि ३ पुसा. पुसताना क्लिअर-कंटेंट वापरा. नुसत्या क्लिअर ने रंग आणि रकान्याचं स्वरूपही जातं.

एकदम दहा तालुके पेस्ट झाले तर ऑनएडिट एकदाच चालतो आणि ई.व्हॅल्यू (नवं मूल्य) रिकामी असते. त्यामुळे ई.रेंज (बदललेला भाग) च्या ओळी मोजून सगळ्यांवर काम करा, एका सेलवर नाही. साध्या ऑनएडिटला वेगळी परवानगी द्यावी लागत नाही.

भीमाखोरं
दोन्हीकडे बसलं. पण बारामतीतलं "कोऱ्हाळे" निवडूनही केंद्र येत नाही आणि ओळ रंगते. दोन्ही शीटवर नाव अक्षरशः सारखं दिसतंय.

देवनागरी_टंक
दिसतं सारखं, आतली अक्षरं वेगळी आहेत. हा ऱ्ह दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड दशमान २३५३), मग हलन्त, मग ह. दुसऱ्यात साधा र (२३५२), हलन्त (२३८१), मग न दिसणारा जोडक (८२०५), मग ह. कीबोर्ड वेगळा, तसा प्रकार वेगळा. =लेन(बी२) लावून बघा: पहिल्या प्रकारात कोऱ्हाळे ८ येईल, दुसऱ्यात ९. कऱ्हावागज, चऱ्होली ही गावंही तपासा.

नुसता जोडक काढून टाकू नका, तसं केलं तर रफार होऊन "कोर्हाळे" बनतं. तिन्ही चिन्हं मिळून बदला:

=सब्स्टिट्यूट(बी२,युनिकॅर(२३५२)&युनिकॅर(२३८१)&युनिकॅर(८२०५),युनिकॅर(२३५३)&युनिकॅर(२३८१))

हे सहायक स्तंभात चालवा, उत्तर कॉपी करून मूळ जागी "पेस्ट व्हॅल्यूज" करा. 'यादी', 'केंद्र' आणि 'नोंद' या तिन्ही शीटवर.

हीच सफाई करताना आणखी काही बघून घ्या. महसुली याद्यांमधून घेतलेल्या नावांत "बु." आणि "खु." असतं, हाताने भरलेल्यांत बुद्रुक आणि खुर्द. एकच रूप ठरवा. शिरूर–शिरुर, इंदापूर–इंदापुर असे ऱ्हस्वदीर्घाचे फरक. शब्दाच्या शेवटी राहिलेली जागा ट्रिम ने जाते, पण वेबपानावरून उचललेल्या मजकुरातली न तुटणारी जागा ट्रिम ने जात नाही, तिला सब्स्टिट्यूट(बी२,युनिकॅर(१६०)," ") लागतं. आधी ते, मग ट्रिम.

कसबा_४११०११
आणि वेल्हे? तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे.

सेलमास्तर
'यादी' चा ए आणि डी, 'केंद्र' चा बी, एवढ्या ठिकाणी फाइंड-रिप्लेस. "मॅच एंटायर सेल कंटेंट्स" ची खूण करून, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नावाचा तुकडा बदलला जाणार नाही. मग दोन्ही याद्या पुन्हा सॉर्ट करा. 'नोंद' मधल्या जुन्या ओळी हिशेबवहींच्या नियमाने आपोआप रंगतील. त्या बदलायच्या की त्या तारखेचं जुनं नाव म्हणून ठेवायच्या, हे तुम्ही ठरवा. ठेवायच्या असतील तर 'यादी' मध्ये वेल्हेच्या ओळीही राहू द्या, फक्त डी स्तंभातून ते नाव काढा: जुनी जोडी वैध राहते आणि नव्या नोंदीला ते नाव निवडता येत नाही.

भीमाखोरं
शेवटचं: बाहेरची माणसं दुसऱ्या फाइलमधून ओळी कॉपी करून चिकटवतात. त्या सेलमधले बाण गायब होतात.

हिशेबवही
साध्या पेस्टने मूळ सेलचं व्हॅलिडेशन पुसलं जातं आणि कॉपी केलेल्या सेलचं, किंवा काहीच नाही, ते बसतं. कंट्रोल+शिफ्ट+व्ही ने फक्त मूल्यं चिकटवायला सांगा (गूगल शीट्समध्ये हे आहेच, एक्सेल २०१६ मध्ये पेस्ट स्पेशल मधून व्हॅल्यूज). बाण टिकतील, पण पेस्ट केलेलं मूल्य एक्सेल तपासत नाही हे धरून चाला. आठवड्यातून एकदा डेटा व्हॅलिडेशनच्या बाणाखालचं "सर्कल इनव्हॅलिड डेटा" चालवा, यादीबाहेरच्या नोंदींभोवती लाल वर्तुळं येतील.

गेलेले बाण परत आणायला: व्यवस्थित असलेली एक ओळ, ए ते सी, कॉपी करा, बिघडलेल्या ओळी निवडा, पेस्ट स्पेशल, "व्हॅलिडेशन". मजकूर तसाच राहतो, फक्त नियम बसतो. 'यादी', 'केंद्र' आणि 'सहाय' या शीट लपवून संरक्षित करा, म्हणजे पेस्ट तिथे पोचणार नाही.